फ्रीडमन, कांदा आणि पंधराशे रुपये

जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना सुरू झाल्यापासून माझ्या ओळखीच्या सुशिक्षित मराठी मंडळींना मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन एकाएकी तोंडपाठ झाले आहेत. 'जगात फुकटचे जेवण नसते' हे वाक्य, जे फ्रीडमन यांच्याहून जुने असले तरी त्यांच्याच नावावर खपते, महिना १५०० रुपये घेणाऱ्या बायकांना ऐकवले जाते. आणि ऐकवणारे बहुधा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून नाममात्र शुल्कात शिकलेले असतात. निवडणुकीच्या तोंडावर आणलेल्या योजनेवर, राज्याच्या तिजोरीवर पडलेल्या भारावर टीका जरूर व्हावी. माझा राग आहे तो अर्धाच उतारा वाचून दाखवण्यावर.

कारण याच फ्रीडमन यांनी १९६२ मध्ये ऋण प्राप्तिकराची कल्पना मांडली होती: ठरावीक पातळीखाली उत्पन्न असलेल्यांना सरकारने थेट रोख रक्कम द्यावी, ती कशी खर्चायची ते त्यांचे त्यांना ठरवू द्यावे. त्याच पंथाचे अर्थतज्ज्ञ हायेक यांनीही १९४४ मध्येच लिहून ठेवले की अन्न, वस्त्र, निवारा यांची किमान हमी सर्वांना देण्याने स्वातंत्र्याला धोका पोहोचत नाही. अर्थात दोष केवळ वाचकांचा नाही. फ्रीडमन यांनी वर्षानुवर्षे 'न्यूजवीक'मध्ये स्तंभ लिहिला, १९८० मध्ये टीव्हीवर मालिका केली. अटी आणि अपवाद ग्रंथांत राहिले, घोषणा घरोघर पोचल्या. लिबर्टेरियन, म्हणजे सरकारचा हस्तक्षेप कमीत कमी असावा म्हणणाऱ्या, अर्थतज्ज्ञांवरचा माझा मुख्य आक्षेप हाच आहे. आपल्या विधानांतला कोणता भाग खाऊनपिऊन सुखी असलेल्यांच्या सोयीचा आहे, हे त्यांना पक्के ठाऊक असते, आणि तोच ते मोठ्या आवाजात सांगतात.

त्यांची शिकवण खरोखरच पाळायची, तर डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा या मंडळींनी रस्त्यावर यायला हवे होते. पिकवलेला माल हव्या त्या बाजारात विकण्याची शेतकऱ्याला मनाई करणे, याहून उघड सरकारी हस्तक्षेप तो कोणता? बंदी मे २०२४ मध्ये उठेपर्यंत शहरांना जो स्वस्त कांदा मिळाला, त्याचे पैसे नाशिकच्या शेतकऱ्याने भरले. तेव्हा फुकटच्या जेवणाचा विषय कुणी काढला नाही.

इथे इंग्लंडमध्ये या विचारसरणीचा प्रयोग मी घरबसल्या अनुभवला. २३ सप्टेंबर २०२२ ला तेव्हाच्या पंतप्रधान लिझ ट्रस यांच्या सरकारने पैशाची तजवीज न करता करकपात जाहीर केली, वेस्टमिन्स्टरमधल्या मुक्त बाजारवादी संस्थांनी तिचे कौतुक केले, आणि पाचच दिवसांत बँक ऑफ इंग्लंडला रोखेबाजारात उतरावे लागले. आमच्या गृहकर्जाचा दोन वर्षांचा फिक्स, म्हणजे स्थिर व्याजदराचा करार, नेमका तेव्हाच, व्याजदर भडकले असताना संपत होता. ट्रस महिन्याभरात गेल्या. ती कल्पना सुचवणाऱ्या कुणाचीही नोकरी गेल्याचे माझ्या कानावर नाही.

याच देशात माझ्या खात्यात दर चार आठवड्यांनी चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, जमा होते. १९४५ च्या मूळ विधेयकात हा भत्ता वडिलांना द्यायचा होता. खासदार एलिनॉर रॅथबोन यांनी भांडून तो आईच्या नावे करून घेतला. त्यामुळे इथल्या बायका आळशी झाल्या असे मी कधी ऐकले नाही. (तिसऱ्या मुलापासून पुढे युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी मदतीतला मुलांचा वाटा नाकारणारा २०१७ चा नियम, जो रद्द करायचे २०२५ मध्ये ठरले, मी इथे सोयीने बाजूला ठेवते आहे.) आयएलआर, म्हणजे इथे कायम राहण्याचा परवाना, मिळेपर्यंत माझ्या कार्डावर 'नो पब्लिक फंड्स' (सरकारी मदत नाही) असे छापलेले असे. ते गेल्यावर पहिला भत्ता आला, तेव्हा मला भीक घेतल्यासारखे वाटले नाही. आपण इथल्या हिशेबात धरले गेलो, असे वाटले. महाराष्ट्रातल्या या वादात मी इतकी हिरिरीने का उतरते, याचे कारण बहुधा इथेच आहे.

'तू बाहेर बसून बोलतेस, तुझे काय जाते?' असे मला विचारले जाते, आणि ते चूक नाही. कॉमनवेल्थ नागरिक म्हणून इथल्या संसदेसाठी मी मत देते. महाराष्ट्रात मात्र केंद्रावर प्रत्यक्ष हजर राहिल्याखेरीज मला मत नाही, आणि त्यासाठी मी कधी विमानाचे तिकीट काढलेले नाही. शेतकरी संघटनेचे शरद जोशी स्वित्झर्लंडच्या बर्नमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेची नोकरी सोडून परतले, पुण्याजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती केली, आणि मगच खुल्या बाजाराची बाजू मांडली. 'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हणणाऱ्या याच माणसाने लक्ष्मीमुक्ती अभियानात शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला लावली. मी परतणार नाही, हे मला माहीत आहे. सबसिडी घेऊ नका असे शरद जोशींच्या वाटेने गेलेला कुणी सांगेल, तर मी मान खाली घालून ऐकेन; निर्यातबंदीच्या वेळी मूग गिळून बसलेल्यांचे मात्र ऐकणार नाही.