टोन नॉबवरच्या लेखाला आलेल्या प्रतिक्रियेचं उत्तर

बेस गिटारच्या टोन नॉबला, म्हणजे वरचे सूर कमी करणाऱ्या बटणाला, जोडलेल्या कपॅसिटरवर मी लिहिलं होतं. त्यावरची आपली प्रतिक्रिया वाचली. मतभेद असायला काहीच हरकत नाही. पण "टोन नॉब दहावर असतानाही पेपर-इन-ऑइल कपॅसिटरची ऊब ज्याला ऐकू येत नाही, त्याने टोनवर लिहू नये" हे वाक्य मतभेदाचं नाही, समोरच्याला गप्प बसवण्याचं आहे. लेखात मी एवढंच म्हटलं होतं, की पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) बेसमध्ये कपॅसिटरची व्हॅल्यू आवाज ठरवते, त्याची जात नाही, मग तो साधा सिरॅमिक असो की तेलात भिजवलेल्या कागदाचा, म्हणजे पेपर-इन-ऑइल. त्यावर माझ्या कानांची लायकी काढायची गरज नव्हती.

एक गोष्ट आधीच मान्य करतो. कपॅसिटर बदलल्यावर तुम्हाला फरक ऐकू आला असेल, त्याबद्दल मला शंका नाही. स्वस्त सिरॅमिक कपॅसिटरवर छापलेला आकडा भरवशाचा नसतो. त्यातल्या काही प्रकारांत छापलेल्या आकड्यापेक्षा उणे २० ते अधिक ८० टक्के इतका फरक चालतो असं धरलेलं असतं. म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरड लिहिलेल्या तुकड्यात प्रत्यक्षात ०.०४ही निघेल आणि ०.०८ही. तो काढून दुसरा बसवला की नॉब खाली आणल्यावर आवाज बदलणारच. पण तो बदल व्हॅल्यूचा झाला, तेलाचा आणि कागदाचा नाही.

आता "दहावर असतानाही" याकडे येऊ, कारण सगळा जोर तुम्ही तिथेच दिला आहे. नॉब दहावर, म्हणजे पूर्ण उघडा असतो तेव्हा सिग्नल आणि कपॅसिटर यांच्यामध्ये पॉटचे, म्हणजे नॉबखालच्या बदलत्या रोधाचे, अख्खे २५० किलोओहम उभे असतात. ०.०४७ मायक्रोफॅरडचा स्वतःचा अडथळा १००० हर्ट्झला जेमतेम ३.४ किलोओहम. २५० मध्ये हे ३.४ मिळवा नाहीतर दुप्पट करून मिळवा, पिकअपला, म्हणजे तारांची कंपनं टिपणाऱ्या कॉइलला, काय कळणार? तिथे कपॅसिटर जवळजवळ नसल्यासारखाच असतो. मग त्याची ऊब येते कुठून?

नॉब शून्यावर आणला की चित्र पालटतं. पॉटचा रोध संपतो, कपॅसिटर थेट पिकअपला समांतर लागतो आणि कॉइलच्या इंडक्टन्सशी जुळून काहीशे हर्ट्झच्या आसपास एक उंचवटा तयार करतो. त्याच्या वरचं सगळं झपाट्याने गळून पडतं. मोकळ्या ई तारेचा ४१ हर्ट्झचा किंवा जी तारेचा ९८ हर्ट्झचा मूळ स्वर मात्र जागच्या जागी राहतो. म्हणून खालचा आवाज "वाढल्या"सारखा वाटतो, वाढत काहीच नाही. ०.०४७ ऐवजी ०.१ लावलात तर हा उंचवटा आणखी खाली सरकतो, आणि हे कुणालाही ऐकू येतं. फेंडर कंपनीच्या जुन्या प्रिसिजन बेसमध्ये ०.१ असायचा, पुढे ०.०५ आला. जुन्या आवाजाचं श्रेय तेलाला देण्याआधी निदान हा आकडा तरी बघायला हवा होता.

आणि कानांचंच म्हणाल, तर सोल्डरिंगचा धूर खात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. लोकांचे बेस मी उघडले आहेत, आणि रात्रभर त्याच बेसवर स्टेजवर उभा राहिलो आहे. एक सिरॅमिक आणि एक पेपर-इन-ऑइल मीटरवर मोजून जुळवले, एका स्विचला जोडले, मित्राला स्विच फिरवायला सांगितला आणि त्याच्याकडे पाठ फिरवून ऐकत बसलो. नॉब दहावर, पाचावर, शून्यावर. कुठला कधी लागला आहे हे मला सांगता आलं नाही. मग जागा बदलून मित्र बसला. त्यालाही नाही. तुम्ही असं पाठ फिरवून ऐकलं आहे का? तुमच्या प्रतिक्रियेत तरी तसा उल्लेख नाही. नवा भाग बसवला, नॉब फिरवला आणि पटलं, एवढंच दिसतं.

५०० किलोओहमच्या पॉटचं आणि लांब केबलचं तुम्ही लिहिलंत ते ठीक. दोन्हींनी वरच्या सुरांचा आवाज बदलतो, ते कुणी नाकारलेलं नाही आणि माझ्या लेखाचा तो विषयही नव्हता. कपॅसिटरवर ४०० व्होल्ट लिहिलेले असतात, हा मुद्दा तर सोडूनच देऊ. पिकअपमधून जेमतेम व्होल्टभर सिग्नल निघतो, तिथे ४०० व्होल्ट सोसण्याच्या क्षमतेचा काय संबंध?

तुमच्या बेसमधला जुना कपॅसिटर अजून ड्रॉवरमध्ये पडलेला असेल. तो आणि नवा, दोन्ही मीटरला लावा आणि आकडे इथेच खाली लिहा. दोन्ही सारखे निघाले, तर पुढचं बोलू.