वायकिंग चालत आले नव्हते

नवऱ्याला ऑफिसात कुणीतरी ‘वायकिंग वे’चं सांगितलं आणि आमच्या शनिवारच्या झोपेवर धाड पडली. इंग्लंडमधल्या हंबर नदीवरच्या पुलापासून लिंकनशायरभर वळणं घेत रटलंडमधल्या ओकमपर्यंत जाणारी पायवाट. नाव वायकिंगांचं, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी समुद्रावरून धाडी घालणाऱ्या उत्तर युरोपातल्या लोकांचं. लांबी 147 मैल. “एकदम नाही गं, तुकड्यातुकड्याने करायची,” तो म्हणाला. आमच्या वाट्याचा तुकडा होता केस्टर ते टील्बी.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “का? तिकडे बस बंद आहेत का?”

वाट चुकू नये म्हणून खांबाखांबावर शिंगवाल्या शिरस्त्राणाची खूण आहे. खरं तर वायकिंगांच्या डोक्यावर शिंगं नव्हतीच. नॉर्वेत 1943 साली सापडलेलं अस्सल शिरस्त्राण अगदी बिनशिंगाचं आहे. शिंगं चढवली ती 1876 मध्ये, वाग्नर या जर्मन संगीतकाराच्या ऑपेराच्या वेशभूषाकाराने. बरोबर शंभर वर्षांनी, 1976 मध्ये, ही वाट खुली झाली तर त्या नाटकी शिंगांनाच मान मिळाला. हे सगळं नवरा मला सांगत असताना समोरच्या कुरणातले दहा-बारा गोऱ्हे माना वर करून आमच्याकडे बघत होते. त्यांना मात्र शिंगं नव्हती. ज्यांना असायला हवीत त्यांची काढलेली, ज्यांना कधी नव्हती त्यांना चिकटवलेली!

गोऱ्हे धावतच आले. “पळू नकोस, त्यांना फक्त कुतूहल असतं,” असं म्हणत नवरा झपाझप चालू लागला. पुढे कुंपण ओलांडायच्या लाकडी पायऱ्या. त्यावर एक तंगडी अलीकडे, एक पलीकडे, पाठीवरची पिशवी खांबात अडकलेली आणि मागून मानेवर एक ऊन, ओलसर श्वास. गोऱ्ह्याचाच होता.

मग नांगरलेलं शेत. नांगरल्यावर शेतकऱ्याने 14 दिवसांत वाट पुन्हा नीट करून द्यावी, असा इथे कायदा आहे. आम्ही बहुधा त्या 14 दिवसांतच उगवलो होतो. प्रत्येक पावलाला बुटाला मातीचा नवा थर. काडीने खरवडायचा आणि पुढच्या पावलाला पुन्हा कमवायचा.

नॉर्मनबीजवळ नवरा एकदम थांबला आणि हात पसरून म्हणाला, “हा लिंकनशायरचा सर्वोच्च माथा!” उंची 168 मीटर. पुण्यात आमच्या सोसायटीचं तळघरसुद्धा याहून उंचावर आहे.

वरून पाऊस सुरू झाला. नॉर्मनबी, वेल्सबी, टील्बी, ही ‘बी’वाली नावं डेनिश वायकिंगांची, असं व्याख्यान चालूच होतं. मी विचारलं, ते इथवर आले कसे? “होड्यांतून. नदीतून वर.” म्हणजे बसून! इ.स. 872चा हिवाळा तर त्यांच्या सैन्याने ट्रेंट नदीकाठी टोर्क्सी गावाला तळ ठोकून काढला. तो ही असली शेतं तुडवत काढावा लागता, तर इंग्लंड आपोआप वाचलं असतं.

वेल्सबीच्या टेकडीवरच्या चर्चमध्ये टेकलो. तिथे रंगीत काचेच्या खिडकीत येशूसमोर चक्क पायी भटकणारे आणि सायकलवाले आहेत. एकाच्याही बुटाला चिखल नाही.

टील्बीत चहा पिताना नवरा शेवटच्या टप्प्याबद्दल सांगू लागला. ओकमच्या किल्ल्यात म्हणे रिवाज आहे, लॉर्ड लोक पहिल्यांदा आले की त्यांनी घोड्याचा नाल द्यायचा. भिंतींवर दोनशेच्या वर नाल टांगलेत.

“बुटं घेतात का?” मी विचारलं. “नेऊन दे. मी नंतर बसने येते.”