आकाशकमळाचा वास

तत्त्वज्ञान विषय घेतला की पहिला छळ करतो तो ‘तर्कसंग्रह’ या न्यायशास्त्राच्या जुन्या पाठ्यपुस्तकातला डोंगर. त्यावर शेकडो वर्षं धूर येतोय, पण अग्निशामक दलाला फोन करायची आम्हाला परवानगी नाही. आधी अनुमानाचे पाच अवयव, म्हणजे पाच पायऱ्या, म्हणायच्या. प्रतिज्ञा: डोंगरावर अग्नी आहे. हेतू: कारण धूर आहे. उदाहरण: जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर. उपनय: हा डोंगरही तसाच. निगमन: म्हणून तिथे अग्नी आहे. तोवर उदाहरणातल्या स्वयंपाकघरात दूध उतू गेलेलं असतं.

बरं, हे उलटं म्हणून चालत नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं जळण लागतं. या लपलेल्या अटीला म्हणतात उपाधी. पदवीचा सुखासाठी काही उपयोग असेल तर तो मला इथे दिसतो. रागावलेले साहेब गप्प बसतात, हे कबूल. पण गप्प बसलेले साहेब रागावलेलेच असतात, असं निघत नाही. दाढ दुखत असेल.

हेत्वाभास, म्हणजे कारणासारखी दिसणारी खोटी कारणं, हीही पाचच, आणि आपली बहुतेक झोप तेच खातात. त्यांतला माझा लाडका असिद्ध, म्हणजे ज्याला पायाच नाही असा. ‘आकाशकमळ सुगंधी आहे, कारण ते कमळ आहे.’ युक्तिवाद देखणा, फक्त आकाशात कमळ नाही. मुलगा सातवीत असताना सुनेच्या स्वभावाची काळजी करणं, हाच तो वास. अनुभवच ज्याला खोटं पाडतो तो बाधित. त्यावर उपाय सोपा: ‘अग्नी थंड असतो’ म्हणणाऱ्याने हात लावून बघावा. ताप असल्याची शंका आली, तर रात्रभर कपाळ चाचपण्याऐवजी थर्मामीटर लावावा. विरुद्ध आणि सत्प्रतिपक्ष परीक्षेपुरते पाठ करा.

राहिला सव्यभिचार. हा हेतू साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचं ते, असेल तिथेही सापडतो, नसेल तिथेही. ‘मेसेजवर निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही, म्हणजे मनात काहीतरी आहे.’ मनात काही नसलेली माणसंही उत्तर देत नाहीत. लोकलच्या दारात लटकताना एक हात मोकळा लागतो.

हे निदान मात्र मनातल्या मनात करावं. बायकोचं वाक्य संपताच ‘तुझा हेतू सव्यभिचार!’ असं कुणी ओरडलं, तर भिंतीपलीकडे शेवटच्या शब्दातली चारच अक्षरं पोहोचतात. मग अवयव मोजायचे ते स्वतःचे.