बुधवार, भाद्रपद शुद्ध द्वादशी

आमचे मामा तिथी पाहिल्याशिवाय दाढीसुद्धा करत नाहीत. आणि त्यांनीच काल घरच्या ग्रुपवर तो मेसेज ढकलावा! त्याचा मथितार्थ असा: पोर्तुगीज येण्याआधीच्या सिंहली इतिहासात एकही भरवशाची तारीख नाही, सगळ्या भिक्खूंच्या पोथ्या, म्हणून पोलोन्नारुवाचा (ही श्रीलंकेची जुनी राजधानी) साहसमल्ल वगैरे दोन-दोन वर्षांचे राजे कपोलकल्पित, आणि तो 'कलिंगातून आला' म्हणजे मलायातून आला.

मामा, पोथी ठेवा बाजूला. पोलोन्नारुवाला साहसमल्लाचा शिलालेख आहे. त्यात काळ दिलाय: बुद्धाच्या परिनिर्वाणाला 1743 वर्षं, 3 महिने, 27 दिवस झालेले, बिनर म्हणजे आपला भाद्रपद, शुद्ध द्वादशी, बुधवार. आता बोटं मोडा. परिनिर्वाण वैशाखी पौर्णिमेचं. तिथून तीन महिन्यांनी श्रावणी पौर्णिमा. पुढे वद्यातल्या पंधरा तिथी आणि शुद्धातल्या बारा. झाले ना सत्तावीस? परिनिर्वाण इसवी सनापूर्वी 544 चं धरलं की तारीख निघते 23 ऑगस्ट 1200, आणि त्या दिवशी खरोखर बुधवार होता. मनाला येईल ते खोदून वर्ष, तिथी आणि वार असे जुळत नसतात. उलट आजूबाजूच्या राजांची वर्षं इतिहासकार याच खुंटीला टांगतात!

बरं, अक्षर लागत नाही म्हणाल, तर त्याची तांब्याची नाणी बघा. त्यांवर नाव चक्क नागरीत आहे, 'श्रीमत् साहसमल्ल'. तुम्हाला चष्मा लावून वाचता येईल.

पोथ्यांबद्दल मात्र थोडं मान्य करावं लागेल. चूलवंस, म्हणजे लंकेच्या राजांची पाली बखर, भिक्खूंनीच लिहिला आणि या राजाला त्यात जेमतेम जागा मिळाली. काळच तसा होता. 1186 मध्ये पराक्रमबाहू राजा गेला, 1215 मध्ये माघ नावाचा आक्रमक चालून आला, तेवढ्यात डझनभर माणसं गादीवर बसली. वीरबाहू एका रात्रीपुरता, धर्माशोक तीन महिन्यांचं तान्हं पोर. एखादं वर्ष इकडेतिकडे होणारच. शिलालेखही काही तटस्थ नाही, राजाने स्वतःचंच कूळ गायलंय त्यात. पण म्हणून माणूसच नव्हता?

मलायाचं काय सांगू. ते मत श्रीलंकेचे पुरातत्त्वज्ञ परणवितान यांनी 1960 च्या दशकात मांडलं, तेही शिलालेखांच्या ओळींमधल्या अशा पुसट अक्षरांच्या आधारावर, जी इतरांना दिसेनात. साहसमल्लाच्या लेखात कलिंगातलं सिंहपूर आहे, आणि त्या नावाचं नगर कलिंगाच्या जुन्या ताम्रपटांतही येतं. आंध्रातल्या श्रीकाकुलमजवळचं सिंगुपुरम ते हेच, असं मानतात.

1202 मध्ये आयस्मंत सेनापतीने साहसमल्लाला काढून आधीच्या निःशंकमल्ल राजाची राणी कल्याणवती गादीवर बसवली. एवढंच राज्य.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. तासाभराने मामांचं उत्तर आलं: "म्हणजे वामनद्वादशी की रे ती!"

हो मामा, तीच.