म्हणे बायकोनं वाट लावली मॅकबेथची!

आज ऑफिसात 'नेतृत्व आणि मूल्ये' नावाचं सेशन होतं. सक्तीचं, आणि तेही जेवणानंतर. बाहेरून एक ट्रेनर बोलावले होते. अर्धा हॉल डुलक्या काढत होता, मीही त्यातच. आणि अचानक स्लाइडवर मुकुट घातलेला एक दाढीवाला आला, खाली मोठ्या अक्षरांत 'मॅकबेथ: महत्त्वाकांक्षेचा बळी'. मी सावरून बसले. म्हटलं चला, आज काहीतरी ऐकायला मिळणार.

तर गृहस्थ म्हणाले, "माणूस चांगला होता हो, बायकोनं वाट लावली! तेव्हा मंडळी, घरच्या लेडी मॅकबेथपासून सांभाळून राहा." हॉल हसला. झोपलेले जागे होऊन हसले. बायकाही हसल्या. माझं डोकं तेव्हा जे फिरलंय ते अजून ठिकाणावर आलेलं नाही. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

मॅकबेथ म्हणजे शेक्सपिअरचं नाटक: स्कॉटलंडचा सरदार मॅकबेथ चेटकिणींचं भाकीत ऐकून, बायकोच्या साथीनं, डंकन राजाचा खून करतो आणि स्वतः राजा होतो. माझं या नाटकाशी जुनं नातं आहे. कॉलेजात गॅदरिंगला आमच्या सरांनी मॅकबेथमधले काही प्रवेश बसवले होते. अनुवाद त्यांचाच, वहीत शाईच्या पेनानं लिहिलेला. मला अर्थातच लेडी मॅकबेथ करायची होती. मिळाली दासी. पाचव्या अंकाच्या सुरुवातीला राणी झोपेत चालत येते तेव्हा डॉक्टरच्या शेजारी उभी असते ना, ती. वाक्यं अगदी थोडी, उरलेला वेळ नुसतं उभं राहून बघायचं. मी दोन दिवस घरी धुसफुसत होते. पण त्या उभं राहण्यातून मला हे नाटक जेवढं कळलं तेवढं मुख्य भूमिका करून कळलं नसतं, असं आज छातीठोकपणे सांगते.

आता बायकोचं. हो, ती त्याला डिवचते. मर्दानगी काढते. दूध पिणाऱ्या पोराला आपटून मारण्याची भाषा करते, जी ऐकताना आजही अंगावर काटा येतो. मान्य. पण हा विषय मुळात काढला कोणी? पहिल्या अंकातच ती त्याच्या तोंडावर विचारते, की हा बेत माझ्यापाशी तूच बोललास ना, मग आता माघार का? आणि तो 'मी कुठे बोललो' असं म्हणत नाही. चेटकिणींचंही तेच. त्या 'तू राजा होशील' म्हणतात. 'खून कर' असं त्यातली एकही म्हणत नाही. शेजारी उभ्या बँकोनं, त्याच्या जोडीच्या सरदारानं, तेच सगळं ऐकलेलं असतं, त्यालाही वंशजांच्या राज्याचं गाजर दाखवलेलं असतं. त्याची झोप बिघडते, पण तो कोणाच्या खोलीत सुरा घेऊन शिरत नाही.

आणि 'मूल्ये' म्हणे! अहो, मॅकबेथला मूल्यं कोणी शिकवायची गरजच नव्हती. खुनाच्या आधी तो एकटा उभा राहून स्वतःलाच पाढे म्हणून दाखवतो. डंकन माझा नातलग आहे. मी त्याचा सरदार. आज तो माझ्या घरी पाहुणा आहे, मारेकऱ्याला दारातच अडवणं हे माझं काम, सुरा मीच कसा हातात घेऊ? शिवाय राजा म्हणून माणूस भला आहे. सगळं ठाऊक आहे त्याला! खुनाला कारण काय, तर नुसती महत्त्वाकांक्षा, हेही तो स्वतःच बोलतो. (बरं, शब्द त्याचाच आहे, स्लाइडवाल्यांना तेवढं श्रेय देते.) बायको येताच तो म्हणतोसुद्धा की आपण हे इथंच थांबवू. आणि थोड्याच वेळात तयार होतो. हे ज्याला दिसत नाही त्यानं या नाटकाच्या वाट्याला जाऊ नये. अडाणीपणानं, रागाच्या भरात केलेला हा खून नाही. पूर्ण शुद्धीत, परिणाम माहीत असताना, ज्याच्या मिठाला जागायचं त्यालाच झोपेत मारलं.

गंमत म्हणजे शेक्सपिअरनं हे मुद्दाम इतकं वाईट करून ठेवलंय. इतिहासातला डंकन म्हातारा नव्हता आणि झोपेतही मेला नाही. 1040 मध्ये लढाईत पडला. खऱ्या मॅकबेथनं त्यानंतर सतरा वर्षं राज्य केलं, 1050 मध्ये रोमची यात्रा केली, तिथे गोरगरिबांना पैसे वाटले अशी नोंद आहे. होलिनशेडच्या बखरीत, जिथून शेक्सपिअरनं ही कथा घेतली, तिथे मॅकबेथची गादीवर हक्काची तक्रार आहे आणि बँको त्याच्या कटात सामील आहे. आता 1603 मध्ये इंग्लंडच्या गादीवर बसलेला पहिला जेम्स स्वतःला बँकोचा वंशज समजायचा, तेव्हा बँकोला धुऊन काढणं भागच होतं. नाटक 1606 च्या आसपासचं, म्हणजे त्याच राजाला दारूगोळ्यानं उडवायचा कट उघडकीस येऊन फार दिवस झाले नव्हते. हे राजकारण झालंच. पण शेक्सपिअरनं मॅकबेथची तक्रारही जवळपास पुसली, आणि घरी उतरलेल्या राजाला झोपेत मारण्याचा प्रसंग त्याच बखरीतल्या दुसऱ्याच राजाच्या, डफच्या, कथेतून उचलून इथे आणला. सगळ्या सबबी काढून घेतल्या बिचाऱ्याच्या. आणि आपण चारशे वर्षांनी एक सबब परत देतोय. बायको!

विश्वासघाताबद्दल तर माझा आवडता प्रसंग हॉलमध्ये कोणाला माहीतही नसेल. कॉडरच्या सरदारानं आधी गद्दारी केलेली असते. त्याला मृत्युदंड होतो आणि त्याची सरदारकी मॅकबेथला बक्षीस मिळते. डंकन हळहळतो, चेहऱ्यावरून माणसाचं मन वाचायची विद्या अजून निघालेली नाही, या माणसावर माझा पूर्ण भरवसा होता हो. आणि नेमका त्याच क्षणी मॅकबेथ आत येतो. डंकन त्याला मिठीत घेतल्यासारखं बोलायला लागतो! एका वाक्याचंही अंतर नाही मध्ये.

सरांनी हा प्रवेश बसवताना मला विंगेतून बाहेर काढून समोर खुर्चीवर बसवलं होतं. म्हणाले, "दासीनं हे बघितलं पाहिजे. तुझा पाचवा अंक इथून सुरू होतो." तेव्हा वाटलं, भूमिका लहान आहे म्हणून समजूत काढताहेत.

आता टोचणीकडे येते, कारण सगळ्यात मोठा गोंधळ इथे आहे. आपण सगळे धरून चालतो की टोचणी लागली म्हणजे माणूस सुधारतो. मॅकबेथला टोचणी पहिल्या मिनिटापासून आहे. रक्ताचे हात घेऊन बाहेर येतो तेव्हा म्हणतो, आतले दोघे झोपेत देवाचं नाव घेत होते आणि मला 'आमेन' म्हणता आलं नाही. 'मॅकबेथनं झोपेचा खून केला' असा आवाज ऐकू येतो. इतका हादरलेला असतो की सुरे तिथेच ठेवायचे सोडून हातात घेऊन येतो, आणि ते परत ठेवायला तिलाच जावं लागतं. मग पुढे काय होतं? सुधारतो का? छे. बँकोला मारायला माणसं पाठवतो. त्याचं भूत दिसल्यावर घाबरतो आणि मग मॅकडफ या विरोधात गेलेल्या सरदाराची बायको-पोरं कापून काढायला सांगतो, ज्यांनी त्याचं काहीही बिघडवलेलं नसतं. रक्तात इतका आत आलोय की मागे फिरणं पुढे जाण्याइतकंच कटकटीचं, हा त्याचा हिशोब. त्याच्या टोचणीनं एकाही माणसाचा जीव वाचवला नाही. शेवटी मॅकडफला एवढं म्हणतो खरा, की माझ्यापासून लांब राहा, तुझ्या माणसांचं पुष्कळ रक्त माझ्या माथी आहे. तेवढं त्याच्या खात्यावर लिहिते. नाइलाजानं.

आणि ती? हिच्याबद्दल लिहायला लागले की राग कुठे जातो कळत नाही. खुनाच्या रात्री ती म्हणते की म्हातारा झोपेत माझ्या वडिलांसारखा दिसला नसता तर मीच केलं असतं. म्हणजे तिच्यानंही झालं नाहीच. थोडं पाणी घेतलं की हात स्वच्छ, म्हणणारी ती. आणि राणी झाल्यावर नवरा तिला काही सांगेनासाच होतो. बँकोचा बेत विचारते तर म्हणतो, लाडके, तुला माहीत नसलेलंच बरं. ज्या बाईनं 'वाट लावली' तिला तिसऱ्या अंकातच कारभारातून काढून टाकलंय! तिला दिवा सतत उशाशी लागतो. झोपेत हात चोळत विचारते, त्या म्हाताऱ्याच्या अंगात एवढं रक्त असेल असं कोणाला वाटलं होतं? मॅकडफच्या बायकोची चौकशी करते, ती कुठे आहे आता म्हणून. मॅकबेथच्या तोंडी मात्र त्या मॅकडफच्या बायकोचं नाव पुन्हा येत नाही.

तालमीत हे मी रोज दोन हातांवरून बघायचे. आमची राणी काही मोठी नटी नव्हती, पण ती हात चोळायला लागली की मला माझे हात कुठे ठेवावेत कळायचं नाही. आणि दासीचं एक वाक्य होतं, सरांनी फार सुरेख उतरवलेलं: अख्ख्या देहाला राणीपण मिळालं तरी असलं काळीज मला नको गं बाई. पहिल्या तालमीत मी ते नाक मुरडून म्हटलं होतं, दुष्ट बाईबद्दल बोलतात तसं. प्रयोगाला ते वाक्य मला नीट उच्चारता येईना, घसा भरून आला. त्याच प्रवेशात डॉक्टर दासीला विचारतो, याआधी ती काय बोलली ते सांग. दासी साफ नकार देते. कारण? साक्षीदार नाही. मॅकबेथचं राज्य कसलं होतं हे मला त्या नकारानं जेवढं सांगितलं तेवढं कुठल्या लढाईनं नाही सांगितलं.

सेशन संपल्यावर मी ट्रेनरना गाठून विचारलंच, की राणीला बँकोच्या खुनाचा बेत आधी ठाऊकच नसतो, त्याचं काय? ते म्हणाले, "इंटरेस्टिंग पर्स्पेक्टिव्ह, मॅडम." आणि फीडबॅक फॉर्म पुढे केला.

तसा त्यांचाही दोष नाही, नाटकातच हे करून ठेवलंय. शेवटी डंकनचा मुलगा मालकम जिंकतो आणि दोघांना एका ओळीत गुंडाळतो: मेलेला खाटीक आणि त्याची राक्षसीण राणी. त्यानं तिला झोपेत चालताना पाहिलेलं नसतं. पाहिलेले दोघे, डॉक्टर आणि दासी, तेव्हा रंगमंचावर नसतात आणि त्यांना कोणी बोलावतही नाही. त्याच भाषणात मालकम आपल्या सरदारांना अर्ल करून टाकतो, स्कॉटलंडमधले पहिलेवहिले, आणि स्कोनला राज्याभिषेकाला या म्हणतो. डंकननंही पहिल्या अंकात अशीच सरदारकी वाटली होती. कोणाला, ते वर लिहिलंय.