चलान भरायची घाई कशाला? विमा आहे ना!

चलानचा मेसेज आला की घाबरायचं नाही. लिंक उघडायची आणि फोटो निवांत बघायचा. नंबरप्लेट, तिच्यापुढं लटकलेली लिंबू-मिरची आणि काचेआड कानाला मोबाइल लावलेले तुम्ही. फोटो बरा आला असेल तर जपून ठेवा. पैसे मात्र भरू नका. लोकअदालत येईल, तडजोड होईल. आत्ताच भरणारे लोक म्हणजे लग्नात पहिल्या पंगतीला बसून पाकीटही आधीच देऊन मोकळे होणारे.

मग एक दिवस आरटीओची नोटीस येईल. सिग्नल तोडणं, अतिवेग, गाडी चालवताना मोबाइल, असल्या गुन्ह्यांसाठी किमान तीन महिने लायसन्स निलंबित करा, असं सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीनं २०१५ सालीच राज्यांना सांगून ठेवलं आहे. तुम्ही नोटीस फ्रीजवर ठेवा आणि गाडी काढा. लायसन्स निलंबित झालंय, गाडी थोडीच झालीय? निलंबन असताना गाडी चालवली तर दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, असं कायद्यात लिहिलंय खरं. पण कायद्यात काय, पुष्कळ लिहिलेलं असतं.

आणि विम्याची काळजी तर अजिबात नको. आपल्याकडची व्यवस्था फार समतावादी आहे. थर्ड पार्टीचा, म्हणजे तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीच्या विम्याचा हप्ता सरकार ठरवतं, तोही इंजिन बघून. २०२२ च्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला ३,४१६ रुपये. पिवळ्या दिव्यालाच ब्रेक मारणाऱ्या जोशीकाकांनाही तेवढेच आणि तुम्हालाही तेवढेच. वर पाच वर्षं क्लेम केला नाही, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्के नो क्लेम बोनस. चलानं कितीही असोत! २०२१ साली विमा नियामकाच्या एका कार्यगटानं नियम मोडणाऱ्यांकडून जादा हप्ता घ्यावा, असं सुचवलं होतं. तुमच्या पॉलिसीत ती ओळ शोधून बघा, वेळ बरा जातो.

शोधता शोधता एक दुसरीच ओळ दिसेल, तिच्याकडे दुर्लक्ष करा. गाडी चालवणाऱ्याकडे अपघाताच्या वेळी वैध लायसन्स असावं आणि त्याला ते बाळगायला अपात्र ठरवलेलं नसावं, अशा अर्थाची. ती बारीक टायपात आहे, म्हणजे महत्त्वाची नसणार.

समजा, गाडी डिव्हायडरवर चढलीच. गॅरेजमध्ये सर्व्हेअर येईल, बंपरचे फोटो काढेल आणि सहज विचारेल, "गाडी कोण चालवत होतं?" इथं डोकं चालवायचं. "मिसेस चालवत होत्या," असं ठणकावून सांगा. मिसेस त्या वेळी ठाण्यात भिशीला होत्या आणि तिथले बारा फोटो त्यांनीच स्टेटसला टाकलेत, ही किरकोळ बाब. कंपनीचा तपासनीस इतकं कुठं बघतो? बघितलंच, तर क्लेम जाईल तो जाईल, वर खोटं बोलल्याची नोंद राहील. क्लेम नाकारल्याचं पत्र जपून ठेवायची हौस असेल तर उत्तमच.

मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघाताचं १५ लाखांचं कवचही वैध लायसन्सच्या याच अटीवर चालतं. पण त्याचा त्रास तुम्हाला होणार नाही. तो वारसांचा विषय आहे.

खरी गंमत समोरच्याला लागलं तर. तुम्ही म्हणाल, थर्ड पार्टी आहे, कंपनी बघून घेईल. बघतेच! जखमी माणसाची यात चूक काय, म्हणून बहुतेक वेळा अपघाताच्या भरपाईचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण कंपनीला सांगतं, आधी तुम्ही भरपाई द्या. आणि मग त्याच आदेशात पुढं असतं, चालवणाऱ्याकडे वैध लायसन्स नव्हतं, तेव्हा नंतर ती मालकाकडून वसूल करा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वर्णसिंग निकालापासून हा रस्ता चांगला मळलेला आहे. म्हणजे तुम्ही हप्ते भरून विमा घेतला नव्हता, बिनव्याजी उसनवारीची सोय केली होती. बिनव्याजी हा आपला भाबडा समज, व्याजही लागतं.

तेव्हाही भरायची घाई करू नका. मोटार वाहन कायद्यात अशी रक्कम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायची सोय आहे. महसूल खात्याचा माणूस दारात आला की त्याला बसवा, चहा विचारा आणि आपला मेव्हणा ट्रॅफिकला आहे, हे बोलता बोलता कानावर घाला.