‘इथं कुणाला मोडी येते का?’

नोव्हेंबरात एडिंबरामध्ये चार वाजताच अंधारायला लागतं. अशाच एका गुरुवारी ऑफिसातून सुटलो आणि घरी न जाता विद्यापीठात गेलो. इतिहास विभागाचं जाहीर व्याख्यान होतं. फुकट, कुणीही यावं असं. विषय होता हिंदुस्थानात कंपनीच्या नोकरीला गेलेले स्कॉटिश लोक आणि त्यांनी मागे ठेवलेले कागद. मी साताऱ्याचा. १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्याचा कारभार पाहणारा आणि १८२६ मध्ये मराठ्यांचा तीन खंडी इतिहास छापणारा जेम्स ग्रँट डफ हा इथूनच वर, बँफचा. म्हणजे विषय तसा घरचाच.

व्याख्यान देणाऱ्या बाईंनी पडद्यावर एक पत्र दाखवलं. मोडीत होतं. त्या म्हणाल्या, ‘यातलं एक अक्षरही मला वाचता येत नाही. जे सांगतेय ते सोबतच्या इंग्रजी टिपणावरून, आणि टिपण लिहिणाऱ्याला काय लपवायचं होतं ते मला ठाऊक नाही. इथं कुणाला मोडी येते का?’ सभागृहात पन्नासएक लोक होते. त्यातल्या चार-पाच माना माझ्याकडे वळल्या. मी नकारार्थी मान हलवली आणि पुढचं व्याख्यान बुटांच्या लेसकडे बघत ऐकलं. माझे आजोबा सही मोडीत करायचे.

त्याच आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर वाघनखांवरून जुंपली होती. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली ती वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर भारतात पाठवली गेली आणि जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. ती महाराजांनी अफझलखानाच्या वेळी वापरलेलीच आहेत याची खात्री देता येत नाही, असं खुद्द त्या संग्रहालयाचंच म्हणणं आहे. डफला ती साताऱ्यात भेट मिळाली, असं पेटीवर लिहिलंय, एवढाच काय तो धागा. मी हे ग्रुपवर टाकलं. काकांचं उत्तर लगेच आलं : ‘तिकडं राहून तू त्यांचंच बोलणार. तुला काय जातंय?’

पहिलं वाक्य मी सोडून दिलं. दुसरं मात्र अजून डोक्यातून जात नाही, कारण त्यात तथ्य आहे.

परदेशी बसलेला मराठी माणूस इतिहासावर बोलायला लागला की एक ठरलेलं गाणं सुरू होतं : इथले लोक बघा किती शांतपणे ऐकतात, पुरावे बघतात, नाहीतर आपण. हे खरं नाही. ज्या इमारतीत ही व्याख्यानं होतात तिच्यावर पूर्वी तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचं नाव होतं. कृष्णवर्णीयांना कमी लेखणारी त्याची एक तळटीप आहे. त्यावरून वाद पेटला आणि २०२० मध्ये विद्यापीठाने नाव काढून ‘४० जॉर्ज स्क्वेअर’ एवढा पत्ताच पाटीवर ठेवला. थोडं पुढे सेंट अँड्र्यू स्क्वेअरमध्ये उंच खांबावर हेन्री डंडस या जुन्या मातब्बर राजकारण्याचा पुतळा उभा आहे. त्याच्यामुळे गुलामांचा व्यापार बंद व्हायला उशीर झाला, असा फलक २०२१ मध्ये खाली बसवला गेला. २०२३ मध्ये तो काढला, नंतर पुन्हा बसवला. दोन्ही बाजूंनी मान्यवर विद्वान वर्तमानपत्रांतून एकमेकांवर असे तुटून पडले की आपल्याकडच्या अग्रलेखांनी खाली मान घालावी.

आणि ही फुकट व्याख्यानं निव्वळ ज्ञानदानासाठी होतात असंही नाही. ब्रिटिश विद्यापीठांच्या संशोधनाची ठरावीक वर्षांनी सरकारी मोजणी होते आणि तिच्यावर पैसा अवलंबून असतो. संशोधनाचा समाजावर काय परिणाम झाला, यालाही २०१४ पासून गुण आहेत. तेव्हा वीस टक्के होते, २०२१ मध्ये पंचवीस झाले. म्हणून दारात हसतमुख विद्यार्थिनी अभिप्रायाचा कागद हातात देते. तो कागद कुठल्या फायलीत जाणार हे मला कळतं. आपल्याकडे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या ‘नॅक’ची समिती यायची असली की चर्चासत्रांचे फोटो कसे पटापट चिकटवले जातात ते मी पाहिलंय.

मग फरक कशात आहे? व्याख्यान ऐकण्याची हौस म्हणाल, तर त्यात आपण यांना दहा वेळा हरवू. न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला १८७५ मध्ये सुरू केली. तालुक्याच्या गावातही मे महिन्याच्या उकाड्यात, सतरंजीवर मांडी घालून, रात्री दहापर्यंत लोक शिवचरित्र ऐकतात. इथे पन्नास माणसं आली की विभाग खूश. पण आपली व्याख्यानं आठवून पाहा. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, वक्त्याचा परिचय (हा लांबतोच), मग दीड तास ओघवती वाणी, अंगावर काटा, टाळ्या, आभार. प्रश्न? फार तर चिठ्ठ्या, त्याही संयोजक निवडणार. वक्ता ‘हे मला माहीत नाही’ म्हणाला तर श्रोत्यांना फसवल्यासारखं वाटेल. शिवाय तो वक्ता बहुधा विद्यापीठातला नसतो. विभागातले प्राध्यापक बंद खोलीत एकमेकांना शोधनिबंध वाचून दाखवतात, आणि हजारोंच्या मैदानात उभा राहतो तो ज्याचा आवाज चांगला आहे तो.

प्राध्यापकांना मी सरसकट दोष देणार नाही. ५ जानेवारी २००४ ला पुण्यात भांडारकर संस्थेत जमाव घुसला. एका अमेरिकन प्राध्यापकाच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकावरून राग होता, त्याला इथून मदत झाली असा ठपका होता, आणि फुटली ती संस्थेची कपाटं. त्याआधी एका संस्कृत पंडिताच्या तोंडाला काळं फासून झालं होतं. डंडसवरून इथे कितीही शिवीगाळ झाली तरी उद्या विभागाच्या काचा फुटतील, असं कुणाच्या मनातही येत नाही. तेव्हा ‘तुला काय जातंय’ हे बरोबरच आहे. माझं काहीच जात नाही. गावात राहून, मुलांना त्याच शाळेत घालून, ‘याला पुरावा नाही’ असं माइकवर म्हणणाऱ्याचं मात्र पुष्कळ जातं.

पण ‘हे सगळं त्यांचं’ या काकांच्या म्हणण्याशी मी भांडणार आहे. डफच्या इतिहासाची जाहीर चिरफाड पहिल्यांदा कुणी केली? १८६७ च्या सुमारास, पुण्यात, नीळकंठ जनार्दन कीर्तने नावाच्या कॉलेजात शिकणाऱ्या पोराने. तरुणांच्या सभेपुढे त्याने निबंध वाचला आणि साहेबाच्या चुका एकेक करून दाखवल्या. सत्तावन्नचं बंड होऊन जेमतेम दहा वर्षं झाली होती. जायचं असतं तर त्याचं बरंच काही गेलं असतं. त्याने डफला शिव्या दिल्या नाहीत, पुतळे जाळले नाहीत, कागद काढले. पुढे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव दप्तरं धुंडाळत हिंडले, १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, आणि सभेत टिपण वाचायचं, ते इतरांनी तपासायचं, ही रीत तिथे रुजली. जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची घटनांच्या तारखांची जुनी वही, १९१६ मध्ये छापून आली आणि महाराजांच्या जन्माचं रूढ वर्षच हललं. सरकारने १९ फेब्रुवारी १६३० मान्य केली ती २००१ मध्ये, म्हणजे पंच्याऐंशी वर्षांनी. आणि अजूनही तारीख की तिथी यावर दोन जयंत्या होतात ते सोडा. पण एका जुन्या वहीने भल्याभल्यांना मत बदलायला लावलं, तेही आपल्याच गावात, आपल्याच भाषेत.

म्हणून विद्यापीठातल्या विभागांकडून मला फार मोठं काही नकोय. महिन्यातून एक संध्याकाळ दार उघडं ठेवा. पडद्यावर एकच कागद लावा. पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडीचे कोट्यवधी पडून आहेत. तो वाचून दाखवा, कुठलं अक्षर लागत नाही तेही दाखवा. निम्मा वेळ प्रश्नांना द्या. शाल नको. चिडलेला माणूस येईल, येऊ द्या. त्याला म्हणावं, ही ओळ तुम्ही वाचा. कागदासमोर उभ्या राहिलेल्या माणसाचा आवाज थोडा खाली येतो, निदान माझा तरी आला होता.

हे सगळं मी काकांना फोनवर सांगितलं, जरा जास्तच उत्साहाने. त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी एक फोटो आला : घरच्या ट्रंकेतला, घडीवर फाटलेला जमिनीचा जुना कागद. खाली लिहिलं होतं, ‘एवढा विद्यापीठात जातोस, हा वाच बघू.’

मोडीची बाराखडी शेजारी ठेवून दोन रात्री बसलो. वरचं ‘श्री’ लागलं आणि बहुतेक एका ठिकाणी ‘सातारा’. तसं त्यांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं, ‘श्री मलापण लागलं होतं.’